यंदा ताईंचं चिन्ह कुठलं?

निवडणूक लागली की चाळीत येणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची आई पहिला प्रश्न हाच विचारायची. तिचं चुकत नव्हतं. समाजवाद्यांच्या इतक्या फुटी आणि इतक्या जुळण्या झाल्या की झोपडी, वड, चक्रातला नांगरधारी शेतकरी, चिन्हं बदलत राहिली. प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, जनता, जनता दल ही नावं आईच्या लक्षात राहत नसत. तिला ताई, म्हणजे समाजवादी नेत्या मृणाल गोरे, ठाऊक होत्या. तेवढ्यावर तिचं मत ठरायचं.

१७ जुलैला ताईंचा स्मृतिदिन असतो. २०१२ साली त्या गेल्या. दर वर्षी या दिवशी मला आईची आठवण जास्त येते.

ताईंनी डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि केशव गोरे यांच्यासोबत गोरेगावात कामाला सुरुवात केली. १९५८ मध्ये पती गेले. पदरात लहान मुलगी होती. तरी तीन वर्षांत, १९६१ला, त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगाव तेव्हा मुंबईचं टोक होतं. पाइपलाइन जवळून जायची आणि वस्तीत थेंब नसायचा. हंडे घेऊन बायका पालिकेवर धडकल्या, पुनःपुन्हा धडकल्या, आणि नळ आले. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातून पडलं. आमच्या चाळीच्या नळाला पहाटे साडेचारला पाणी यायचं. आई म्हणायची, साडेचारला का होईना, येतं ना.

मला चांगला आठवतो तो लाटणं मोर्चा. १९७२च्या दुष्काळानंतरचे दिवस. रेशनवर लाल मायलो ज्वारी, गोडेतेल गायब, रॉकेलला दोन-दोन तास रांग. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि ताई अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाईविरुद्ध एक समिती उभी केली होती. हे मला फार मोठं वाटतं. पुरुष पुढारी एकमेकांच्या सभेला जात नसत, आणि या एका मोर्चात शेजारी शेजारी चालत होत्या.

आईनं त्या दिवशी सकाळी सहालाच पोळ्या उरकल्या. लाटणं धुतलं, पुसलं, एका टोकाला सुतळी गुंडाळून तिचा फास मनगटात अडकवला. गाडीच्या गर्दीत पडू नये म्हणून. मी विचारलं, “मारणार आहेस का कुणाला?”

“मारायला नाही गं, दाखवायला.”

मंत्रालयाला तेव्हा सचिवालय म्हणत. तिथून संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. सुतळी सोडली, लाटणं पुन्हा धुतलं आणि रात्रीच्या पोळ्या लाटायला बसली. बाबा गप्प बसून जेवले. आईला त्या दिवशी कुणी ‘कुठं होतीस’ विचारलं नाही.

आणीबाणीत ताई आधी भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या, एकांतवासही भोगला. १९७७ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या चाळीतल्या पोरांनी घसा फुटेस्तोवर दिली, मी त्यात होते. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. मोरारजींच्या मंत्रिमंडळात आरोग्य खातं चालून आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. मला आता पटतं.

कारण पुढचं काम. तेव्हा लोकलच्या डब्यात जाहिराती लागायच्या: आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा. गर्भातली मुलगी ओळखून पाडायच्या त्या जाहिराती होत्या. १९८६ मध्ये ताईंनी विधानसभेत त्याविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं, आणि बाहेर बायकांच्या संघटनांनी रान उठवलं. १९८८ला महाराष्ट्रानं कायदा केला. देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं.

माझ्या थोरल्या बहिणीला दोन मुली होत्या. तिसऱ्या खेपेला सासरच्यांनी तिला एका दवाखान्यात नेलं. हे कायद्यानंतरचं वर्ष. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हे आम्हाला करता येत नाही. पैसे वाढवून देतो म्हटलं तरी नाही म्हणाले. ती रात्रभर माझ्याजवळ रडली, सुटल्यासारखी.

पुढे तिला नागरी निवाऱ्यात घर मिळालं. दिंडोशीला, मर्यादेपेक्षा जास्तीची जमीन सरकारकडे घेणाऱ्या कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीवर ताई आणि बाबुराव सामंत वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं झगडून मध्यमवर्गीयांसाठी, गरिबांसाठी हजारो घरं उभी केली, त्यातलं एक. आता तिथे तिची धाकटी राहते, तिसरी. आईचं लाटणं तिच्याकडे आहे. सुतळी कधीच गेली, पण टोकाला तिचा वळ अजून दिसतो.