प्रार्थना सुचत नव्हती तेव्हा

आम्ही मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे पवित्र मारियेच्या, यात्रेला आईचा पदर धरून गेलेली मी. ८ सप्टेंबर जवळ आला की घरात दुसरा विषय नसायचा. लग्न झालं आणि ह्यांच्या कामामुळे वास्कोला आले. हे जहाजदुरुस्तीत वेल्डर. इथे सुरुवातीला लोक नवलाने विचारायचे, "तुम्ही मराठी, आणि क्रिश्चन?" मला त्याचं वाईट वाटायचं. ह्याच गोव्यात, राशोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं आणि ते मराठीत आहे, हे मला पुढे एका फादरांनी सांगितलं. तेव्हापासून मी ताठ मानेनं सांगते, हो, मराठी आणि क्रिश्चन.

पण चर्चमधली मिस्सा कोंकणीत, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तीही कोंकणीत. ऐकून कळायचं सगळं, पण आतून प्रार्थना निघायची ती आईच्या तोंडून ऐकलेल्या मराठीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ह्याचाच संबंध आला.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात ह्यांचे पाय सुजायला लागले. कामाचे बूट संध्याकाळी निघेनात. जेवणावरची वासना गेली, सकाळी दात घासताना ओकारी यायची. रक्तदाब किती वर्षांपासून वाढलेला होता देव जाणे, गोळी डोकं दुखलं की घ्यायची आणि बरं वाटलं की सोडायची. रक्त तपासलं तर क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडं किती चालतात ते सांगणारा आकडा, अकराच्या वर. बांबोळीला गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नेलं. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, डायलिसिस सुरू करावं लागेल, म्हणजे मशीनने रक्त साफ करायचं. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे केली.

बांबोळीला हमरस्त्याच्या कडेला फुलांचो खुरीस, म्हणजे फुलांचा क्रूस, आहे. येणारे-जाणारे गाड्या थांबवून तिथे मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात. त्या दिवशी मी तिथे जाऊन काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "प्रभू, एक मूत्रपिंड तरी चालू कर. एक पुरतं माणसाला." मी अगदी हिशोबाने मागत होते.

मग नोव्हेना, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, झाल्या. शुक्रवारचे उपास झाले. हरेगावला भावाला पाठवून नवस बोलले. जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसले. आणि आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, हे मशीनला जोडलेलेच. अहवाल येत राहिले, आकडे तेच. डिसेंबर उजाडेपर्यंत माझी प्रार्थना आटली. मी चिडून बंद केली असंही नाही, जपमाळ हातात घ्यायची आणि पुढचं वाक्यच यायचं नाही. "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटलं की पुढे "तुझी इच्छा पूर्ण होवो" येतं, आणि तिथे माझा घसा बंद व्हायचा. हीच तुझी इच्छा का, असं वाटायचं. मराठी शब्द मला फार कळत होते. प्रत्येक शब्द लागत होता.

त्याच काळात ओळखीतल्या कुणी एका प्रार्थनासभेला नेलं. नाव घेत नाही. माणसं प्रेमळ होती, गाणी जोरात होती, मलाही रडून मोकळं वाटलं. पण तिसऱ्या वेळी तिथल्या एकाने ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की तुम्ही बरे झालेले आहात, आता मशीनला जाणं म्हणजे देवावर अविश्वास. हे आनंदाने घरी आले. वाटेत शहाळं प्यायले. डायलिसिसच्या माणसाला शहाळं विष असतं, त्यातलं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते हृदयावर जातं. दुसऱ्या दिवशीची पाळी चुकवली. रात्री दोन वाजता त्यांना आडवं झोपता येईना. उठून बसले, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास, ओठ निळसर. शेजारच्या आंटीच्या मुलाने गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो.

ह्या बाबतीत मी कुणाचं मन राखत नाही. औषध सोडा, मशीन सोडा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, त्याने कितीही वचनं तोंडपाठ म्हटली तरी ऐकू नका. आणि वर आम्हालाच ऐकवलं गेलं, की बहिणीचा विश्वास कमी पडला. ते वाक्य मला ह्यांच्या आजारापेक्षा जास्त दुखलं. पुढे कित्येक महिने मी स्वतःला तपासत राहिले, कुठे कमी पडले, कुठलं पाप राहिलं.

उपवासकाळात कुमसाराला, म्हणजे फादरांकडे पापं कबूल करायला, गेले. खरं तर पापं सांगायची असतात. मी म्हटलं, "फादर, मला देवाचा राग आलाय आणि मला प्रार्थना येत नाही." वाटलं होतं, समजावतील, धीर धर म्हणतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "हा राग कुणाला सांगितलास?" मी म्हटलं, रोज रात्री त्यालाच सांगते. "मग प्रार्थना येत नाही कसं म्हणतेस?" आणि प्रायश्चित्त म्हणून काय दिलं, तर घरी जाऊन ८८ वं स्तोत्र वाचायचं.

घरी येऊन बायबल उघडलं. बाकीची दुःखाची स्तोत्रं मला माहीत होती. त्यांत शेवटी कुठेतरी उजेड येतो. तेरावं "किती वेळ, प्रभू" असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. प्रभू येशूने क्रुसावर ज्याची पहिली ओळ उच्चारली ते बाविसावंसुद्धा शेवटी स्तुतीकडे वळतं. ८८ वं वळत नाही. सुरुवातीपासून हाक, तक्रार, आणि शेवट अंधारात. बस्स. मी पान उलटून पाहिलं, पुढे काही राहिलंय का. काही नव्हतं. म्हणजे असं बोललेलंही पवित्र शास्त्रात ठेवलंय. कुणी ते गाळलं नाही, त्याला गोड शेवट चिकटवला नाही. त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी झोपले.

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. त्याआधी ह्यांच्या तहानेबद्दल सांगायला हवं. डायलिसिसवर असताना बहुतेकांची लघवी जवळजवळ बंद होते, म्हणून पाणी मोजून प्यायचं. आमच्याकडे स्टीलचा एक तांब्या आहे. दिवसभराचं सगळं पाणी सकाळी त्यात भरायचं, चहाचंसुद्धा त्यातूनच काढायचं. वास्कोचा एप्रिल, समुद्राची दमट हवा, अंगाला कपडा चिकटतो, आणि हा घाम गाळून लोखंड जोडलेला माणूस दुपारी चार वाजता तांब्यात डोकावून बघायचा, किती उरलंय. मी बर्फाचा खडा द्यायची चोखायला. कधी रुमाल ओला करून ओठांवर ठेवायची. "तहान लागलीय गं," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

त्या शुक्रवारी इगर्जीत, चर्चमध्ये, उभी होते. दर वर्षी त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचतात. कोंकणीत वाचन चाललं होतं, माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे, घरी हे एकटे. आणि ते वाक्य आलं: "म्हाका तान लागल्या."

मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, मराठीत. कधी थांबले नव्हते तिथे. कोंकणीतला तो "तान" शब्द सरळ आमच्या घरातून आल्यासारखा वाटला. पुढे आंबट द्राक्षारसात भिजवलेला बोळा येशूच्या तोंडाशी लावतात. मला माझा ओला रुमाल दिसला. मी बाकाला धरून खाली बसले. इतके महिने मी ज्याच्याकडे तहान थांबव म्हणून हट्ट धरला होता, तो स्वतः तहानलेला टांगलेला होता आणि त्यालाही कुणी पोटभर पाणी दिलं नव्हतं. ह्याने ह्यांचा आजार गेला नाही. घरी आले तर तांब्यात दोन घोट उरले होते, तेवढेच. पण मी आता त्या खोलीत त्यांच्याबरोबर एकटी नव्हते.

शब्द मात्र अजून येत नव्हते. ते आले ऑक्टोबरात, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून.

गोव्यात वाड्यावाड्यात सायबीण घरोघर फिरते. पवित्र मारियेची मूर्ती, काचेच्या पेटीत. आज एका घरी, उद्या दुसऱ्या. संध्याकाळी मिरवत आणतात, सगळे मिळून तेर्स म्हणतात, लादाइन म्हणजे मारियेची स्तुतिमाला गातात, उकडलेले चणे वाटतात, खोबऱ्याचे तुकडे घालून. आमची पाळी आली नेमकी डायलिसिसच्या दिवशी. ह्या दिवशी हे पिळून काढल्यासारखे होऊन घरी येतात, बोलायचीही ताकद नसते. मी आंटीला म्हटलं, ह्या वर्षी आमचं घर सोडून पुढे न्या. घरात रंग नाही, चणे आणायला गेले नाही, मला तर म्हणताही येत नाही. आंटी म्हणाली, "तू दार उक्तें दवर. उरिल्लें आमी पळयतां." तू दार उघडं ठेव, बाकी आम्ही बघतो.

सात वाजता सायबीण आली. कुणी फुलं आणली, कुणी चण्याचं पातेलं. समोरच्या हिंदू वहिनींनी आमचा ओटा झाडून रांगोळी काढली होती. हे पलंगावर, पेटी त्यांच्या उशाशी टेबलावर. घरचं माणूस म्हणून सुरुवात मला करायची होती. मी "नमान मोरिये, कुर्पेन भरलेले", म्हणजे "नमो मारिये, कृपेने भरलेले", म्हटलं, पहिले दहा मणी गेले, दुसरे गेले. तिसऱ्या दहाला आवाज फुटला आणि थांबला. वाटलं, सगळे माझ्याकडे बघतील. कुणी बघितलं नाही. माझं वाक्य जिथे तुटलं तिथून आंटीने उचललं, तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी, जसं काही तसंच ठरलं होतं. मी फक्त मणी सरकवत राहिले. चौथ्या दहाला पलंगावरून ह्यांचा आवाज आला, बारीक, खरखरीत, मराठी वळणाच्या कोंकणीत.

त्या रात्रीपासून मी कोंकणीतच तेर्स म्हणते. मराठीवरचं प्रेम कमी झालं म्हणून नाही. ते शब्द मी त्या घोळक्याकडून घेतले आहेत, म्हणताना आंटीचा आवाज, ह्यांचा आवाज त्यांत असतो. माझा एकटीचा आवाज बंद पडला तरी चालतं. हल्ली हळूहळू मराठीतही म्हणू लागले आहे. "तुझी इच्छा पूर्ण होवो"ला अजून थांबते. थांबते, आणि मग म्हणते.

नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांचं शवप्रदर्शन झालं, दर दहा वर्षांनी होतं ते. गावाकडचे पंधराजण आमच्याकडे उतरले, दोन खोल्यांत. संत झेवियरांना इथे सायब म्हणतात. मामी म्हणाली, सायबाकडे मागा, आता तरी बरं करील. मी रांगेत उभी राहिले. रांगेतच डोक्यात आलं, की हा संत चीनला जायला निघाला होता आणि किनारा समोर दिसत असताना एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला तापाने गेला. लाखो लोक ज्याच्याकडे मागायला येतात, त्याचं शेवटचं मागणं राहूनच गेलं. मी त्यांच्याकडे मूत्रपिंड मागितलं नाही. म्हटलं, सायबा, त्या बेटावर तू काय बोललास देवाशी, तेवढं मला शिकव.

हे अजून डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. डाव्या हातावर मनगटाच्या वर शीर फुगलेली आहे. शस्त्रक्रिया करून धमनी आणि नीला जोडतात, त्याला फिस्तुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत घुरघुर लागते, मांजर मांडीवर झोपल्यावर लागते तशी. ती लागली म्हणजे रस्ता चालू, थांबली तर लगेच दवाखाना. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मी दोन बोटं तिथे ठेवते आणि एक नमान मोरिये म्हणते. कुठल्या पुस्तकात अशी प्रार्थना नाही, पण दिवसाची माझी पहिली प्रार्थना तीच.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर एक नवी बाई आली, सड्यावर राहणारी, मूळची सावंतवाडीकडची. नवऱ्याची दुसरीच पाळी होती. पदर तोंडात धरून बसली होती. मी तिला देवाचं काही सांगितलं नाही, तिचे देव तिच्याजवळ आहेत. पाण्याच्या तांब्याबद्दल सांगितलं, बर्फाच्या खड्याबद्दल सांगितलं, शहाळं देऊ नको म्हटलं. ह्यांची पाळी संपल्यावर त्यांचा हात तिच्यापुढे केला आणि तिची बोटं धरून शिरेवर ठेवली. आधी तिला काही कळेना. म्हटलं, दाबू नको, नुसती टेकव.

"लागतंय हो ताई," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने बोटं उचलली नाहीत.