ॲबी स्ट्रीट ते मेरियन स्क्वेअर : कलावंत कोण, हे कोण ठरवते?

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेला, ट्रामच्या रुळांलगत ॲबी थिएटर उभे आहे. आयर्लंडची राष्ट्रीय रंगभूमी म्हणून जे चित्र मनात घेऊन मी गेलो होतो, त्याच्याशी ही ठोकळ्यासारखी इमारत मुळीच जुळली नाही. मूळ नाट्यगृह १९०४ साली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे सभागृह आणि लगतची जुन्या शवागाराची जागा एकत्र करून साकारले होते. ते १९५१च्या आगीत निकामी झाले; आजची वास्तू १९६६ची आहे. त्या जुन्या रंगमंचावर मे १९१३ मध्ये, म्हणजे नोबेल जाहीर होण्याच्या सहा महिने आधी, टागोरांचे ‘डाकघर’ झाले होते, हे आठवून मी दाराशी जरा जास्तच रेंगाळलो.

मला तिथे ओढून नेले होते ते मात्र १९२५ या सालाने. स्वतंत्र राज्य स्थापन होऊन तीन वर्षेही झाली नव्हती आणि यादवी युद्धाच्या खुणा शहरभर ताज्या होत्या. तरीही अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी ॲबीला वर्षाला ८५० पौंड मंजूर केले आणि इंग्रजीभाषक जगातले पहिले सरकारी अनुदानित नाट्यगृह डब्लिनमध्ये अस्तित्वात आले. याच गृहस्थांनी आदल्या वर्षी वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून आठवड्याला एक शिलिंग कापला होता, आणि पुढे हेच अनेक वर्षे ॲबीचे कार्यकारी संचालक होते. नाटकाचे पैसे आणि म्हाताऱ्यांचा शिलिंग एकाच वहीत लिहिले गेले होते, हे कलेच्या राजाश्रयाबद्दल भारावून बोलताना आपण सोयीने विसरतो.

अनुदानाबरोबर सरकारचा एक प्रतिनिधीही संचालक मंडळावर आला. त्याच वर्षी नाटककार शॉन ओ’केसी यांच्या, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावावरील नाटकातल्या काही भागांना त्याने प्रयोगाआधीच हरकत घेतली. ॲबीचे संस्थापक येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी अनुदान गेले तरी चालेल, स्वातंत्र्य सोडणार नाही, अशी भूमिका घेतली. फेब्रुवारी १९२६ मध्ये झालेल्या प्रयोगात प्रेक्षकांनी दंगा केला, येट्स यांनी रंगमंचावर येऊन त्यांना खडसावले, आणि अनुदान चालूच राहिले. माझ्या मते त्या ८५० पौंडांची खरी कसोटी त्या आठवड्यात लागली.

नदी ओलांडून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटे चालले की मेरियन स्क्वेअर येतो. एका बाजूला राष्ट्रीय चित्रदालन आहे; प्रवेश विनामूल्य. बर्नार्ड शॉ यांनी आपल्या स्वामित्वधनाचा एक तृतीयांश वाटा मृत्युपत्राने या दालनाला दिला होता, कारण लहानपणी त्यांचे खरे शिक्षण इथेच झाले असे ते मानत. चौकातल्या ७० क्रमांकाच्या घरात कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या कला परिषदेचे कार्यालय आहे. परिषद १९५१च्या कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्यात कलांची जी यादी होती ती २००३च्या कायद्याने रुंदावली, आणि साहित्य, नाट्य, वास्तुकला यांच्या पंगतीला सर्कसही बसली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

त्या चौकातल्या बाकावर बसून मी विचार करत होतो तो या यादीचाच. १९६९ साली लेखक, संगीतकार, चित्रकार आणि शिल्पकार यांना स्वतःच्या मौलिक कृतींवरच्या उत्पन्नावर प्राप्तिकर माफ झाला; आज ही सवलत वर्षाला ५०,००० युरोंपर्यंत मिळते. मात्र नाटककाराला माफी आणि त्याचे शब्द जिवंत करणाऱ्या नटाला नाही! १९८१ साली स्थापन झालेली ‘ईसदाना’ ही कलावंतांची मंडळी २५० सदस्यांपुरती मर्यादित आहे, नवे सदस्य जुनेच निवडतात, आणि ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांना मानधन मिळते. पण तिथेही निर्मिती करणाऱ्यालाच जागा. ज्या माणसाने नाटक हे नटासाठी पाहायचे असते या समजुतीत बालपण काढले, त्याला ही विभागणी पटणे कठीण आहे.

ही भिंत २०२२ साली पडली. कोरोनाकाळात रंगमंच बंद पडल्यानंतर सरकारने कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना आणली. तिच्यात नट आणि वादकही पात्र ठरले. पात्र ठरलेल्या आठ हजारांहून अधिक अर्जदारांतून २,००० जणांची निवड गुणवत्तेवर न करता सोडत काढून झाली आणि प्रत्येकाला आठवड्याला ३२५ युरो मिळू लागले. त्या बदल्यात कोणती कलाकृती सादर करायची अट नव्हती. ऑक्टोबर २०२५च्या अर्थसंकल्पात ही योजना पुढे कायम ठेवण्याची घोषणा झाली.

संध्याकाळी एका पबमध्ये पारंपरिक संगीताची बैठक ऐकायला गेलो. मध्यंतरात शेजारी येऊन बसलेल्या बासरीवादकाला मी या सोडतीबद्दल विचारले. त्याच्या बरोबर वाजवणाऱ्या मित्राचे नाव निघाले होते, त्याचे नव्हते. राग येतो का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “समितीने नाकारले असते तर आला असता. चिठ्ठीवर काय रागवायचे?” मित्राने भाड्याची चिंता मिटल्यावर शिकवण्या कमी केल्या आणि तो आता रोज दुपारी सराव करतो, हे मात्र त्याने थोड्या असूयेने सांगितले. मग त्याने विचारले, तुमच्याकडे काय मिळते? महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना सरकार मासिक मानधन देते आणि त्यासाठी पन्नाशी गाठावी लागते, असे मी सांगितले. त्याने मनाशी हिशेब केला.

“म्हणजे मला अजून चौदा वर्षे,” तो म्हणाला, आणि बासरीचे तुकडे जोडत पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.