बेने इस्रायल दफनभूमीत पावसाळ्यानंतर

आज दिवसभर रायगडातल्या एका जुन्या बेने इस्रायल (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज) दफनभूमीची साफसफाई. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांची ही जागा. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, मागे राहिली घाणेरी आणि गुडघाभर गवत.

गवत विळ्यानेच कापायचं. पेटवलं तर दगड तापून पापुद्रे सुटतात. तणनाशकातले क्षार दगडात मुरतात, तेही नको. जांभ्याच्या चौथऱ्यात पिंपळ रुजला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर अख्खा कोपरा येतो. खोड बुंध्याशी कापा, मुळं सांध्यातच वाळू द्या. सगळ्यात वाईट डागडुजी सिमेंटची: पाणी आत कोंडतं आणि जांभा भुसभुशीत होतो. चुनाच वापरावा.

शेवाळ काढायला साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. अॅसिड, तारेचा ब्रश अजिबात नाही. अक्षरं वाचायला खडू फासू नका, सकाळच्या तिरप्या उन्हात आरसा धरा. एका दगडावर वर ‘पे-नून’ ही हिब्रू अक्षरं (म्हणजे ‘येथे पुरले आहे’), खाली स्वच्छ मराठी, आडनावाच्या शेवटी ‘कर’. हे आडनाव गावाचा पत्ताच की! हिब्रू साल अक्षरांत असतं, बहुधा पाच हजार गाळून. ताव-रेश-पे (400, 200, 80) म्हणजे 680, त्यात 1240 मिळवा: 1920. मृत्यू हिब्रू नववर्षानंतर (ते सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं), डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर एक वजा.

कबरीवरचे छोटे खडे मात्र झाडून टाकू नका. ते कोणीतरी येऊन ठेवलेले असतात.