तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर फ्रीजरमध्ये झोपेतच जातो का?

माझ्या घरी बॉल पायथन आहे हे कळलं की लोक आधी सापाबद्दल विचारतात, मग त्याच्या खाण्याबद्दल. ज्यांनी स्वतः नुकताच साप आणलाय ते मात्र जरा बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ताई, जिवंत उंदीर डब्यात घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवला तर झोपेतच जातो ना?"

नाही जात. थंडीत साप सुस्तावतो, उंदीर नाही. तो उष्ण रक्ताचा आहे. अंगातली ऊब टिकवायला तो कुडकुडतो, कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसतो आणि बराच वेळ पूर्ण शुद्धीत असतो. आपल्याला आवाज येत नाही, कारण दार बंद असतं.

मग जिवंतच का देत नाही, असंही विचारतात. सापाला भूक नसली तर तोच उंदीर रात्रीत सापाची पाठ कुरतडतो, हाडापर्यंत. आणि पळायला जागाच नसलेल्या काचेच्या पेटीत त्या उंदराला वाटणारी भीती, ती तर वेगळीच.

पहिल्यांदा मी जे केलं ते सांगते. पुण्यात सिंहगड रोडवरच्या घरी, गॅलरीत, उंदीर बंद डब्यात ठेवला आणि खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात सोडला. कुठेतरी वाचलं होतं. पांढरा उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाक झाकणाच्या फटीला लावून धरलं. गुलाबी पंजे प्लास्टिकवरून घसरत होते, तो पुन्हा उभा राहत होता. वायू किती तयार होतोय, कधी संपतोय, काहीच माझ्या हातात नव्हतं. मी झाकण उघडलं. तो जगला, आणि पुढे दोन वर्षं माझ्याकडेच राहिला.

त्यानंतर मी एका पशुवैद्यांकडे जाऊन शिकले. सिलिंडरमधला शुद्ध कार्बन डायऑक्साइड, त्याला रेग्युलेटर आणि मिनिटाला किती वायू जातोय ते दाखवणारा फ्लोमीटर. भोसरीकडे वेल्डिंगसाठी हा वायू मिळतो, पण त्यात कधीकधी आर्गॉन मिसळलेला असतो, म्हणून विचारूनच घ्यायचा. पेटी आधी भरून ठेवायची नाही. दाट वायू नाकाडोळ्यांच्या ओलाव्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं आणि शुद्ध हरपायच्या आधीच आग आग होते. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के इतका वायू सोडायचा. म्हणजे २० लिटरच्या पेटीत मिनिटाला ६ ते १४ लिटर. उंदराला त्याच्या नेहमीच्या पेटीतच, स्वतःच्या वासाच्या भुशावर राहू द्यायचं. अनोळखी उंदीर एकत्र कोंबायचे नाहीत. आपल्यासाठी खिडक्या सताड उघड्या, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचून राहतो.

यातही अस्वस्थता शून्य नसते. वायू वाढू लागला की शुद्ध जायच्या आधी उंदीर तो टाळायला बघतात, हे मी पाहिलंय. पशुवैद्य आधी आयसोफ्लुरेनने, म्हणजे हुंगवायच्या भुलीच्या औषधाने, बेशुद्ध करून देणार असतील तर ते जास्त बरं. इंजेक्शन देऊन मारलेला उंदीर मात्र सापाला कधीच घालू नका. त्या इंजेक्शनमधलं औषध, पेंटोबार्बिटल, मांसात उरतं आणि साप दगावू शकतो.

मानेचा मणका सरकवणं सगळ्यात झटपट, पण ते सरावलेल्या हाताचं काम आहे. व्हिडिओ बघून करू नका. अर्धवट झालं तर त्या जिवाचे जे हाल होतात ते तुम्हाला आयुष्यभर आठवतील.

पिंकी, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, हा तर फारच नाजूक विषय. आईच्या पोटात कमी ऑक्सिजनवर वाढल्यामुळे ती या वायूत खूप वेळ तग धरतात. जन्माच्या दिवशीचं पिल्लू ५० मिनिटांपर्यंतही जिवंत राहू शकतं. पाच मिनिटांनी निपचित दिसलं म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलेलं पिल्लू आत पुन्हा श्वास घेऊ लागतं. घरी पिंकी मारूच नका, असं मी सगळ्यांना हात जोडून सांगते.

मारून फ्रीजरमध्ये साठवलेला उंदीर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा आणि देण्याआधी कोमट पाण्यात, पिशवीत घालून, ३८ अंशांच्या आसपास आणायचा. बॉल पायथनच्या ओठांवर ऊब ओळखणारे खळगे असतात, गार भक्ष्याकडे तो ढुंकून बघत नाही. वीज जाते तेव्हा फ्रीजरचं दार उघडू नका. एकदा पूर्ण वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही.

आणि हो, हे सगळं परदेशी सापांबद्दल, तेही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेल्या. धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

शिकायचं असेल तर सकाळी या. श्वास थांबल्यावर वायू लगेच बंद करायचा नाही, निदान एक मिनिट तसाच चालू ठेवायचा. मग छातीवर बोट ठेवून ठोका बघायचा, पापणीच्या कडेला हळूच स्पर्श करायचा. तेवढा वेळ मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. तुम्हीही ठेवा.