टिएम्पो ९ आणि टिएम्पो १०, आपल्या पावसात कुठला घालायचा

आधीच सांगून टाकतो, मी लिहितोय ते नायकीच्या टिएम्पो लेजंड ९ अकॅडमी आणि टिएम्पो लेजंड १० अकॅडमी या फुटबॉलच्या बुटांबद्दल, त्यातल्या महागड्या एलिटबद्दल नाही, ते व्हॅन डाईकसारख्या मोठ्या खेळाडूंनी घालावेत आणि आपण टीव्हीवर बघावेत. यूट्यूबवर जे रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक एलिटचेच असतात आणि ती मंडळी मशीनने कापलेल्या गवतावर खेळतात. आपण सड्यावर खेळतो जिथे खाली जांभा आणि वर दोन बोटं माती, पावसात त्याच मातीचा लाल चिखल होतो, आणि भातकापणी झाली की मळ्यात खेळतो. त्यामुळे ते रिव्ह्यू बघून आपल्याला काय कळणार, कप्पाळ.

आणि इकडे फुटबॉल म्हणजे पावसाळाच. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट चालू असतात, तेव्हा फुटबॉल घेऊन मैदानात गेलात तर हाकलून देतील. जूनमध्ये पीच भिजलं की मैदान आमचं. म्हणजे बूट कसाय हे ठरवायचं तर ओल्यातच ठरवायला लागतं.

तर दोघांमधला मेन फरक एकच, चामडं. ९ आला २०२१ मध्ये, त्याच्या पुढच्या भागाला, म्हणजे बॉल जिथे लागतो तिथे, वासराचं चामडं होतं. दुकानात कोणी सांगेल 'कांगारू आहे' तर विश्वास ठेवू नका, कांगारू एलिटला होतं, अकॅडमीला नाही. कांगारूच्या चामड्याचं एवढं कौतुक का, तर त्यातले तंतू एका पातळीत सरळ बसलेले असतात, त्यामुळे ते तासून एकदम पातळ केलं तरी फाटत नाही. गाईगुरांच्या चामड्यात तंतू आडवेतिडवे गुंतलेले, तेवढं पातळ केलं की जीव जातो त्याचा, म्हणून ते जरा जाड ठेवायला लागतं. मार्च २०२३ मध्ये नायकीने कांगारू बंद करणार म्हणून जाहीर केलं, त्याच वर्षी १० आला आणि त्यात वरपासून खालपर्यंत सगळं बदललं. १० च्या अकॅडमीला फ्लायटच लाइट नावाचं मटेरियल आहे, कंपनी त्याला भारी नाव देते पण शेवटी ते सिंथेटिकच. हे फक्त नायकीचं नाही, पुमाने पण किंग मॉडेलमधून कांगारू काढलं आणि २०२५ मध्ये आदिदासनेही सोडत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे पेले-मॅराडोनाच्या काळापासून चालत आलेला प्रकार आता संपल्यात जमा आहे. आणि वासराचं चामडं म्हटल्यावर ज्यांना बूट पायात घालवत नाहीत असे आमच्या टीममध्येही आहेत, त्यांचा प्रश्न १० ने परस्पर मिटवला.

आता पाऊस. चामडं पाणी पितं. ९ घालून जुलैत पूर्ण मॅच खेळलात की हातात घेतल्यावरच कळतं केवढा जड झालाय, आणि खरा त्रास दुसऱ्या दिवशी, कारण आपल्याकडे तेव्हा कपडेच वाळत नाहीत तर बूट कुठून वाळणार. पेपर कोंबायचे, ते ओले झाले की काढून दुसरे कोंबायचे, पंख्याखाली ठेवायचे, तरी आतून दमटच. चार दिवस पाऊस लागला आणि खेळायला गेलो नाही की बाहेरून पांढरी बुरशी, ती जिभेखाली आणि लेसच्या भोकांच्या कडेला आधी धरते, तिथे बघा. पडवीत ठेवले की आई ओरडते, 'मेल्या, भायर ठेव ते, वास येता घरभर', आणि भायर म्हणजे कुठे, भायर पाऊस. आमच्यातल्या एकाने वैतागून चुलीजवळ वाळवले, सकाळी पुढचा भाग कडक, वाकवला तर भेगा. चामड्याला विस्तव आणि कडक ऊन दोन्ही चालत नाही, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. त्यातलं तेल उडून जातं आणि मग वरून कितीही क्रीम चोळा, आधीसारखं मऊ होत नाही.

१० मध्ये ही भानगड नाही. वरचा भाग पाणी धरत नाही, मगभर पाणी ओतून चिखल काढला, फडक्याने पुसला, झालं. आतला कपडा आणि सोल ओला होतो तो होतोच, पण इनसोल काढून वेगळा ठेवला तर रात्रभरात पंख्याखाली घालण्यासारखा होतो. रोज संध्याकाळी खेळणाऱ्याला एवढं एकच कारण पुरेसं आहे, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

पण वाचा, कारण फिटिंगचा विषय आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचे पाय लहानपणी अनवाणी फिरून पसरलेले असतात, पंजा रुंद, करंगळीकडे जास्तच. (१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बरेचसे खेळाडू अनवाणीच खेळले होते आणि २-१ ने हरले ते पण दोन पेनल्टी घालवून, त्यामुळे बूट बूट करून मी एवढं लिहितोय ते जरा जपूनच घ्या.) तर चामड्याचा बूट सुरुवातीला आवळतो आणि मग सैल होत होत पायाच्या आकाराचा होतो, माझ्या ९ मध्ये आता बाहेरून बघितलं तरी करंगळीचा उंचवटा दिसतो. १० तसा पसरत नाही, कंपनी हेच त्याचं कौतुक म्हणून सांगते आणि ते खरंही आहे, दुकानात पाय घातल्यावर जसा बसला तसाच तो पुढेही बसतो. म्हणून ९ घेताना जो सल्ला सगळे द्यायचे, 'अर्धा नंबर लहान घे, सैल होईल', तो १० ला अजिबात लावू नका. करंगळीला टोचत असेल तर नंबर वाढवा नाहीतर दुसरं मॉडेल बघा, आणि पायात घालून बघायचा तो संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो.

बॉलवर काय फरक पडतो? कोरड्यात मला ९ आवडतो, सरळच सांगतो. लांबून आलेला बॉल पंजावर घेतला की चामडं जरा दबतं आणि बॉल पायापाशीच राहतो. १० वर तोच बॉल किंचित पुढे जातो, त्याची सवय करायला लागते, पण साइडने मारलेला पास मात्र १० ने कडक जातो आणि बूट पायात हलका वाटतो, मिडफिल्डला धावणाऱ्याला तो बरा. ओल्यात सगळं उलटं. भिजून फुगलेल्या ९ ने बॉल नीट कळतच नाही, १० पहिल्या मिनिटाला जसा होता तसाच शेवटपर्यंत. त्यामुळे माझं आता असंय की पाऊस असेपर्यंत १०, आणि ९ नीट पुसून, पेपर भरून माळ्यावर, ते मळे मोकळे झाले की काढायचे. नवीन आला म्हणून जुना फेकायचा असला हा विषय नाही, दोन वेगळ्या मोसमांचे बूट आहेत.

स्टडबद्दल, म्हणजे तळाच्या खुंट्यांबद्दल, फार लिहीत नाही कारण दोन्ही एमजीच आहेत, मल्टिग्राउंड. गुडघाभर चिखलात दोन्ही घसरतात, त्याला एसजीचे, म्हणजे सॉफ्ट ग्राउंडचे, लांब स्टड लागतात, पण ते घालून सड्यावर उतरलात तर टाच आणि घोटा दोन दिवस बोंबलतील, शिवाय स्टड जांभ्यावर घासून संपतील. आपल्या मिक्स मैदानांना एमजी ठीक आहेत, हाफटाइमला काडीने माती तेवढी काढत जा.

घ्यायचं म्हणाल तर आमच्यासारखे सिंधुदुर्गातले म्हापशाला जातात, गोव्यात फुटबॉलचा माल जास्त आणि नंबरही मिळतात. तिथे जुन्या स्टॉकमध्ये ९ दिसला तर घ्या, पण आधी बूट पुढून वाकवून सोल आणि वरचा भाग जिथे चिकटवलाय ती रेघ बघा, दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालाची डिंकाची पकड कमी होते. माझा आधीचा एक बूट, वेगळ्याच कंपनीचा, पहिल्याच पावसात तोंड उघडून बसला होता. तेव्हापासून नवीन बूट आणला की तो घरी न नेता आधी मोच्याकडे नेतो आणि सोलच्या कडेने नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतो, पुढच्या टोकाला डबल टाका. शिवणीतून थोडं पाणी आत येतं, येऊ दे, आपल्याकडे ते वरूनही येतंच.