नुसतं ‘८००’: ढालींच्या ब्रेसलेटचा काळ लावताना

लिलावघराच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘काळ’ असा एक रकाना होता आणि त्यात चारच पर्याय: व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाचा काळ, १९०१ पर्यंत), एडवर्डियन, आर्ट डेको, आधुनिक. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही, आणि ‘१८९० ते १९६०’ असं लिहायची सोय नाही. चौकशी केल्यावर सल्ला मिळाला, ‘व्हिक्टोरियन टाका, त्याला उठाव असतो.’ युरोपातल्या शहरांच्या ढाली लटकवलेल्या चांदीच्या ब्रेसलेटबद्दल याहून चुकीचा सल्ला शोधून सापडणार नाही.

हा दागिना म्हणजे साखळीत ओवलेल्या नखाएवढ्या ढाली, प्रत्येकीवर एका शहराचं मानचिन्ह मिन्यात भरलेलं. कोलोनचे तीन मुकुट, पॅरिसचं जहाज, अ‍ॅमस्टरडॅमच्या तीन फुल्या, जिनिव्हाचा अर्धा गरुड आणि किल्ली. प्रवासी गावोगावी एकेक ढाल विकत घ्यायचा आणि घरी येऊन सोनाराकडून साखळीत घालून घ्यायचा. त्यामुळे अशा ब्रेसलेटला एक साल नसतंच. प्रत्येक ढालीचं वेगळं, साखळीचं वेगळं, फाशाचं (साखळी बंद करायच्या अडकणीचं) वेगळं. आज समोर आहे त्या रूपात ते सगळ्यांत नव्या ढालीच्या आधी असू शकत नाही, एवढंच एकत्रितपणे म्हणता येतं. फाशावर तारखेचा छाप सापडला म्हणून सगळ्या दागिन्याला तेच साल चिकटवणारे पुष्कळ भेटतात. फासा हा तर सगळ्यांत आधी झिजणारा आणि बदलला जाणारा भाग.

इंग्लंडच्या ढाली असतील तर काम सोपं, चांदी तपासणाऱ्या प्रत्येक शहराच्या कार्यालयाचा छाप वेगळा: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड, शेफील्डचा मुकुट (१९७४ पर्यंत, पुढे गुलाब), चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या (ते कार्यालय १९६२ला बंद झालं), आणि शेजारी वर्षाचं अक्षर. अक्षरं काही वर्षांनी फिरून येतात, म्हणून नुसतं अक्षर वाचू नका. त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार तक्त्याशी ताडून बघा. राणीचं डोकं असलेला कराचा छाप १८९० नंतर मारला जात नव्हता. छोट्या ढालीवर मात्र बरेचदा इंग्रजीत नुसतं ‘सिल्व्हर’ असतं. १९७५ पासून तर ७.७८ ग्रॅमच्या आतल्या चांदीला हॉलमार्कची सक्तीच नाही, तेव्हा छाप नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फ्रान्सचा छाप ढालीवर शोधत बसू नका, वरच्या कडीवर बघा. रानडुकराचं डोकं दिसलं तर पॅरिस, आणि १९६२ च्या आधीचं. कडी बदललेली असेल तर तो छाप कडीपुरता. इटलीत तारा, आकडा आणि प्रांताची दोन अक्षरं एका चौकटीत दिसली की १९६८ च्या कायद्यानंतरचं काम, मग ढाल कितीही काळवंडलेली असो.

आता अडतं कुठे, तर जर्मन ढालींवर. मागच्या बाजूला ‘८००’ (हजारात ८०० भाग चांदी), बास. ना कारागिराची खूण, ना शहर, ना अक्षर.

मला आलेल्या मूल्यांकनाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘मुकुट व चंद्रकोर नाही, सबब १८८८ पूर्वीचे.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं की पुढचं वाचावंसं वाटत नाही. जर्मन साम्राज्याने कसाचा कायदा १८८४ मध्ये केला आणि १ जानेवारी १८८८ पासून तो लागू झाला. त्यात चांदीसाठी मुकुट आणि चंद्रकोर ही खूण ठरली, हे बरोबर. पण ती खूण भांड्याकुंड्यांसाठी होती: चमचे, डब्या, पेले. दागिन्यांवर ती मारायला त्याच कायद्याने मनाई केली. दागिन्यावर कस आकड्यात लिहायची मुभा होती, खूण नाही. म्हणजे १९१० साली केलेल्या ढालीवरही मुकुट-चंद्र नसणारच. त्याच शहराची ढाल बसवलेला चमचा हातात असेल तर त्यावर ही खूण जरूर शोधा, तिथे ती कामाची आहे. लटकनावर तिचं नसणं म्हणजे शून्य माहिती.

आणि गंमत म्हणजे ‘८००’ हा आकडाच त्या चिठ्ठीच्या विरोधात साक्ष देतो. त्याआधी जर्मन चांदीचा कस लोथमध्ये मोजायची रीत होती, १६ लोथ म्हणजे शुद्ध. जुन्या जिनसांवर १२ किंवा १३ हा आकडा दिसतो. १३ लोथ म्हणजे हजारात ८१२.५. हजारांशात लिहिलेला ‘८००’ जर्मन दागिन्यावर दिसला की तो बहुतेक वेळा नव्या कायद्यानंतरचाच. चिठ्ठीने ज्या बाजूला ढकललं, त्याच्या नेमकी उलट बाजू.

‘८००’ म्हणजे जर्मनीच, असंही नाही. इटलीत आणि ऑस्ट्रियातही हा कस चालत होता. व्हेनिसची सिंहाची ढाल ‘८००’ छापासह दिसली तर ती जर्मन समजू नका. आणि जर्मनीत सरकारी कसोटी कार्यालय नव्हतं, वर्षाचं अक्षर नव्हतं. कारखानदार स्वतःच छाप मारायचा आणि त्याला स्वतः जबाबदार असायचा. दागिन्यांचं मोठं केंद्र फोर्त्झहाइम. २३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते शहर बेचिराख झालं, कारखान्यांसकट. तेव्हा कारागिराची खूण असली तरी तिच्यावरून साल निघेलच अशी आशा धरू नये.

मग छाप सोडायचा आणि ढालीकडे वळायचं. सगळ्यांत भरवशाची साक्ष शहराच्या नावाच्या स्पेलिंगची. कोलोनचं जर्मन नाव १९१९ पर्यंत ‘सी’ने लिहिलं जायचं, नंतर ‘के’ने. क्रेफेल्ड १९२५ला बदललं, कोब्लेन्झ आणि कासेल १९२६ला. ऱ्हाइनच्या बोटीवर विकल्या गेलेल्या ढालींमध्ये कोलोन आणि कोब्लेन्झ हमखास असतात, म्हणून हे दोन आकडे पाठच असू द्या. नॉर्वेची ढाल असेल तर ‘क्रिस्टियानिया’ १९२४ अखेरपर्यंत, १ जानेवारी १९२५ पासून ‘ओस्लो’. पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं नाही. नवं स्पेलिंग म्हणजे ‘त्या वर्षाच्या आधीचं नाही’, हे पक्कं. जुनं स्पेलिंग म्हणजे ‘बहुधा आधीचं’, कारण पोलादी ठसा झिजेपर्यंत कोणी टाकून देत नाही. हाच नियम आपल्याकडच्या ‘बॉम्बे’ लिहिलेल्या बिल्ल्याला लावला तर १९९५ ची मर्यादा हाती येते, म्हणजे फारसं काहीच नाही. खाली ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’ हे पालिकेचं जुनं लॅटिन ब्रीद असेल तर पुढे विचार करायला जागा आहे.

ब्रीदाचं असंच एक उदाहरण अ‍ॅमस्टरडॅमचं. तीन फुल्यांच्या ढालीखाली पट्टीवर तीन डच शब्द असतील तर ती १९४७ नंतरची. युद्धकाळातल्या नागरिकांच्या धैर्याची आठवण म्हणून राणी विल्हेल्मिनाने ते ब्रीद तेव्हा दिलं. माझ्या ब्रेसलेटमध्ये ही पट्टी होती. ‘व्हिक्टोरियन’चा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

मागे इंग्रजीत ‘जर्मनी’ कोरलेलं असेल तर माल अमेरिकेत पाठवायचा होता असं धरायला हरकत नाही: १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०, इतकं सरळ.

मिन्याची पारख भिंगाखाली, १० पट पुरे. भट्टीत भाजलेला मिना म्हणजे काच: टवका उडाला की कडा शिंपल्यासारखी वळते, पृष्ठभाग तुकतुकीत राहतो, फार तर बारीक तडे जातात. रेझिनचा थंड मिना मऊ असतो, त्यावर ओरखडे पडतात, तो पिवळट होतो आणि ढालीच्या कडेने पापुद्र्यासारखा सुटतो. स्वस्त प्रवासी ढालींमध्ये असा मिना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालात भेटतो. रंगीत छापील चित्रावर पारदर्शक थर ओतलेला असेल तर शंभर वर्षांच्या गप्पा बंद करा. सुई टोचून किंवा तापवून परीक्षा करायचे सल्ले ऐकू नका, टवका पडला की किंमत निम्मी.

मिना पूर्ण उडालेला असेल तरी शहर ओळखता येतं. खालच्या चांदीवर रेघा पाहा: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं म्हणजे रुपेरी, उभ्याआडव्या एकत्र म्हणजे काळा, तिरप्या हिरवा. सतराव्या शतकातल्या पेत्रा सांक्ता या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ठसे करणाऱ्यांनी सर्रास वापरली. स्वित्झर्लंडमध्ये मात्र जपून. तिथे शहराची आणि कँटनची (म्हणजे प्रांताची) ढाल बरेचदा एकच असते.

ढाल लटकन नसून ब्रोच असेल तर मागची पिन बघा. साधा इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा आकडा आणि त्याच्या बाहेर डोकावणारं टोक हे जुन्या कामाचं लक्षण, फिरतं कुलूप साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून पुढचं. एकट्या पिनवर निकाल देऊ नका, स्वस्त मालात साधा आकडा पुढेही चालू राहिला.

फॉर्मचं काय केलं? रकान्यात ‘आधुनिक’ निवडलं आणि वर्णनात ढालीगणिक ओळ लिहिली: ‘कोब्लेन्झ, सी-स्पेलिंग, ८००, भट्टीचा मिना, १८८८ ते अंदाजे १९२६. अ‍ॅमस्टरडॅम, ब्रीदासह, १९४७ नंतर. साखळी व फासा स्वतंत्र, छाप नाही.’ प्रत्येक ओळीसोबत मागच्या बाजूचा फोटो, तिरप्या उजेडात काढलेला. समोरून फ्लॅश मारला की छाप सपाट होऊन वाचता येत नाही. तिकडून ‘काळ जुळत नाही’ असा शेरा आला, मी अ‍ॅमस्टरडॅमच्या पट्टीचा फोटो परत पाठवला, आणि मग नोंद जशीच्या तशी स्वीकारली गेली.

फोटोच्या आधी ब्रेसलेट चकचकीत करायचा मोह होतो. चांदी उजळायच्या द्रावणात ते बुडवू नका, अल्ट्रासॉनिक यंत्रात तर नकोच. तड्यांतून द्रावण मिन्याखाली शिरतं आणि रंग सुटतो. मऊ कोरडं फडकं, तेही फक्त चांदीवर. आणि छापावर तर तेवढंही नको, आधीच अर्धा झिजलेला असतो.