जुन्या कार्टून फिल्ममध्ये एवढं काय बघतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात विचारतात, परवा तलावपाळीला फिरताना शेजारच्या काकूंनीही विचारलं, "अगं, ज्यांची नावंही कुणी ऐकली नाहीत असल्या दहा-दहा मिनिटांच्या जुन्या कार्टून फिल्म काय बघत बसतेस रात्री?"

खरं सांगू? मला त्यात चित्र हलवणाऱ्याचा हात दिसतो.

दूरदर्शनवर वाढलेल्यांना 1974 ची 'एक अनेक और एकता' आठवत असेल. तिचं अ‍ॅनिमेशन करणाऱ्या भीमसेन यांची 1970 ची 'द क्लाइंब' मात्र कुणाला ठाऊक नसते. युरी नॉर्श्टाइनच्या 1975 च्या 'हेजहॉग इन द फॉग'चंही तसंच. रशियात ती सगळ्यांची लाडकी, पण ठाण्यात ती पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. काटेरी अंगाचा इवलासा प्राणी संध्याकाळी आपल्या मित्राकडे, अस्वलाकडे निघतो, वाटेत त्याला पांढरा घोडा दिसतो आणि तो धुक्यात शिरतो. गोष्ट साधीच. पण ते धुकं! पावसाळ्यात येऊरच्या चढावर उतरतं तसं, समोरचं झाड गिळून टाकणारं. आणि ते आहे कागदाचं. चित्रावर अगदी पातळ कागद ठेवायचा, एक फ्रेम, म्हणजे एक फोटो, घ्यायची, कागद जरासा कॅमेऱ्याकडे उचलायचा, पुढची फ्रेम. कागद वर येतो तसं चित्र पुसट होत जातं. हे कळल्यावर फिल्म पुन्हा लावली तेव्हा मला रडू आलं.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली काड्या जराजरा सरकवत 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली होती. ती आज बघायला मिळत नाही, याची फार हळहळ वाटते. मे महिन्यात भाचा राहायला आला, तेव्हा म्हटलं, बघता येत नाही तर करून बघू. डायनिंग टेबलावर काळा कागद, स्टँडला मोबाइल, एक काडेपेटी. काड्या हलू नयेत म्हणून पंखा बंद, त्यामुळे घामाच्या धारा. सेकंदाला बारा फोटो. अडीच तासांत चार सेकंद झाले! मधल्या वेळात खिडकीतलं ऊन सरकलं, म्हणून आमच्या काड्या लुकलुकतात. जुन्या फिल्ममध्ये अशी लुकलुक दिसली की मी प्रिंट खराब समजायचे. आता दर वेळी ती खिडकी आठवते.

एका फोटोत भाच्याचा अंगठा आलाय. काढून टाकू का विचारलं, तर नको म्हणाला. घरी कुणी आलं की तो फिल्म लावतो, बरोबर तिथे थांबवतो आणि सांगतो, "हा मी."